चाळ सोडतानाचं गाऱ्हाणं

घाटकोपरची ती तीन मजली चाळ शंभर वर्षांपूर्वी कुणी बांधली देव जाणे, पण बांधणारा भोचक असणार. मधे चौक, तिन्ही बाजूंनी लांब सामायिक गॅलरी आणि प्रत्येक खोलीचं दार गॅलरीवर. चार दारांवरून गेल्याशिवाय आपल्या घरात पोचायची सोयच नाही.

आता सगळे भाडेकरू गेले होते. उद्यापासून पाडकाम. उरली होती ती नलिनी. तिचा नवरा रामचंद्र जाऊन तीन वर्षं झाली, तरी तिन्हीसांजेला गॅलरीच्या फळ्या त्याच्या लंगडत्या चालीने करकरायच्या आणि तिच्या दारापाशी थांबायच्या. तिला एकच घोर लागला होता. नवं घर चारकोपच्या टॉवरमध्ये, तिथे गॅलरीच नाही. हा माणूस येणार कुठून?

"आई, टेम्पो कधीच गेला. चला ना," सून दीप्ती म्हणाली.

"थांब गं. ह्यांना सांगायचं राहिलंय."

घर सोडताना देवाला गाऱ्हाणं घालायचं, जमलेल्यांनी होकार भरायचा, ही त्यांची कोकणातली रीत. घालायचं ते घरच्या पुरुषाने. पण इथे न्यायचा होता तोच. नलिनीने गॅलरीत नारळ ठेवून हात जोडले. नवऱ्याचं नाव तिने जन्मात उच्चारलं नव्हतं, आताही जीभ वळेना.

"बा देवा म्हाराजा, ह्यां घर आता मोडतला. आमी चारकोपाक चललों. हयसर जो कोण आमचो आसात, तेका आमच्यावांगडा येवची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तिन्ही मजल्यांवरून आलं. कुलपं लावलेल्या खोल्यांतून, जिन्याखालून. बायका, म्हातारे, कुठेतरी एक तान्हं बाळही रडलं.

"कोण बोललं?" दीप्ती दचकून चौकात डोकावली.

"शेजारी," नलिनी म्हणाली. ती मात्र कान देऊन उभी राहिली. एवढ्या आवाजांत ह्यांचा होता की नव्हता?

चारकोपला दोघी लिफ्टमध्ये शिरल्या आणि जास्त वजनाची घंटा वाजू लागली.

"दोघीच तर आहोत यार!" दीप्ती बाहेर आली. मागोमाग नलिनी. रिकामी लिफ्ट वाजतच राहिली.

दीप्तीने सासूचं कोपर घट्ट धरलं. "आई, काय केलंत तुम्ही?"

"वाट लावली. नाव न घेता बोलावलं ना, अख्खी चाळ आली."

मग आत बघत, रोज जेवायला हाक मारायची त्याच करड्या आवाजात ती म्हणाली, "अहो, बाहेर या. तिथे कशाला गर्दी करताय? आपण जिन्याने जाऊ."

घंटा थांबली. दार मिटलं आणि लिफ्ट आपली आपण वर गेली.

नलिनी जिना चढू लागली, कठड्याकडची बाजू मोकळी सोडून, दर वळणावर त्याला दम घेऊ देत. दीप्ती मागून येत होती. त्यांना ओलांडून पुढे जायची तिची हिंमत होईना.