बिशपसाहेबांची खुर्ची फाटकावर जाते

मित्रांनो, मी दिसते खुर्चीसारखी, पण मला नुसती खुर्ची म्हणालात तर मी करकरेन. मी जुन्या सागवानाची. माझ्या दोन्ही हातांवर सिंह कोरलेत. मला घडवणारा सुतार फार हौशी, पण त्याने खरा सिंह कधी पाहिला नव्हता. त्याने घरच्या मांजरावर भागवलं. पुढे एका सिंहाचं नाक उडालं, तेव्हापासून तो सर्दी झालेल्या बोक्यासारखा दिसतो. पाठ मात्र सुताराने अशी ताठ केली, की माझ्यावर बसून डुलकी काढायची कुणाची टाप नव्हती. निदान मला तसं वाटायचं.

मी बिशपांची खुर्ची. बिशप म्हणजे सगळ्या फादरांचे वरिष्ठ. आणि एक गोष्ट नीट ऐकून ठेवा, पुढे लागणार आहे. ज्या चर्चमध्ये बिशपांची खुर्ची असते, ते त्या भागातलं मुख्य चर्च. इमारत लहान असो, छप्पर गळकं असो, खुर्ची आहे ना? मग झालं. म्हणजे चर्चमुळे मला मान नाही, माझ्यामुळे चर्चला मान! हे मी शेजारच्या बाकांना इतक्यांदा ऐकवलं, की ते माझ्याशी बोलेनासे झाले.

बिशपसाहेब माझ्यावर कधीतरीच बसायचे. एरवी माझ्याभोवती दोरी. चर्चची झाडलोट बघणारे काका मला पुसायचे आणि माझ्यावर झोपणाऱ्या मांजरीला शिव्या द्यायचे, अर्थात चर्चमध्ये चालतील अशाच. मग समोरच्या लाँड्रीच्या मालकांनी मला लाल मखमलीची गादी दिली आणि माझ्या पाठीवर स्वतःच्या नावाची पितळी पट्टी ठोकून घेतली. ठोकताना एक खिळा आरपार आला. बिशपसाहेब जरा टेकले, की टुचकन टोचायचा. लोक म्हणायचे, "बघा, या वयातही किती ताठ बसतात!"

अशात आमच्याकडे छोटे फादर आले. अंगाने किडकिडीत, चपला झिजलेल्या, पण आवाज असा की मेणबत्त्या फडफडायच्या. पहिल्याच रविवारी ते प्रवचनात म्हणाले, "गरिबांच्या बाजूने उभं राहा, असं आपण नेहमी म्हणतो. समोरच्या लाँड्रीतल्या बायका दिवसभर उभ्याच आहेत. त्यांना बसायला कोण सांगणार?"

पहिल्या रांगेत मालक जोरात खोकले.

खरंच होतं ते. त्या लाँड्रीत दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरींचे डोंगर यायचे. वाफेत उभ्या राहून बायका त्या धुवायच्या, इस्त्री करायच्या. आत स्टूल ठेवायला बंदी. मालकांचं म्हणणं, "बसलं की झोप येते." एक दिवस इस्त्रीवाल्या आत्या पालथ्या बादलीवर जरा टेकल्या. मालकांनी त्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. तशा सगळ्या बायका बाहेर आल्या आणि फाटकासमोर उभ्या राहिल्या. मागण्या दोनच. आत्याला परत घ्या आणि प्रत्येकीला बसायला स्टूल द्या.

छोटे फादर धावत चर्चमध्ये आले.

"काका, हॉलची किल्ली द्या. बायकांना खुर्च्या हव्यात."

"बिशपसाहेबांच्या ऑफिसातून निरोप आलाय. खुर्च्या द्यायच्या नाहीत."

"कुठल्या खुर्च्या?"

"हॉलच्या."

"फक्त हॉलच्या?"

छोट्या फादरांची नजर माझ्याकडे वळली. काकांचीही वळली.

"फादर, नाही हं," काका म्हणाले. "नाही म्हणजे नाही. अहो फादर!"

"बिशपसाहेब दौऱ्यावर आहेत, उद्या येतील. तोवर आणून ठेवतो."

त्यांनी दोरी काढली आणि मला उलटं करून डोक्यावर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा माझे पाय आभाळाकडे! बाजूच्या दारात आम्ही अडकलो. काका मला आत ओढत होते आणि फादर बाहेर. शेवटी मी निसटले ती थेट रस्त्यावर, काकांसकट. चौकातल्या पोलिसाला फादर दिसलेच नाहीत, दिसले फक्त दोन सिंह. कुणीतरी बडं आलंय म्हणून त्याने सगळी वाहनं थांबवली आणि मला कडक सॅल्यूट ठोकला.

फाटकापाशी मात्र कुणी बसेना.

"नको बाई, पाप लागेल," एक जण म्हणाली.

"फादर, डोकं ठिकाणावर आहे ना?" दुसरी.

शेवटी आत्याच पुढे आल्या. "मला तर काढूनच टाकलंय. आता आणखी काय काढणार? सरका गं." त्या बसल्या, हुश्श केलं आणि बघता बघता घोरायला लागल्या. माझ्या त्या ताठ पाठीवर!

मित्रांनो, तोवर माझ्यावर जो बसला तो मानासाठी बसला होता. दमला म्हणून कुणी बसलं नव्हतं. आत्यांच्या लुगड्याला साबणाचा आणि खळीचा वास होता. मी जराही करकरले नाही.

इकडे घोळ झाला. बिशपसाहेब दौरा आवरून त्याच दिवशी परतले आणि तडक संध्याकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेला, उभे राहिले. पुढचं मला मेणबत्तीच्या स्टँडने सांगितलं. काकांनी घाबरून शेजारच्या न्हाव्याची खुर्ची उचलून आणली आणि वर पांढरी चादर टाकली. बिशपसाहेब बसले, मागे टेकले आणि दाढीला बसल्यासारखे आडवे झाले. सावरायला त्यांनी बाजूचा दांडा ओढला, तर खुर्ची गरकन फिरली. लोकांना आशीर्वाद द्यायला उचललेला हात भिंतीला आशीर्वाद देऊन आला. पहिल्या रांगेतल्या आजींना वाटलं, चमत्कार झाला. त्या गुडघ्यांवरच बसल्या.

"माझी खुर्ची कुठाय?" बिशपसाहेब गरजले.

काकांनी नुसतं रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

जरीच्या झग्यात, उंच टोपी घालून, तरातरा चालत बिशपसाहेब फाटकावर आले. मागून अख्खं चर्च. आत्या घोरतच होत्या.

"उठवा हिला."

कुणी हललं नाही. "साहेब, तुम्हीच उठवा," एक जण म्हणाली. "आमचा हात धजत नाही."

बिशपसाहेब वाकले आणि त्यांना आत्यांचे पाय दिसले. सुजून चपलेत मावत नव्हते, म्हणून पट्टे कापलेले होते. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि तसेच थांबले. मग या पायावरून त्या पायावर व्हायला लागले.

"किती वेळ झोपते ही?"

"काय माहीत साहेब. आम्ही तिला झोपलेली कधी बघितलीच नाही."

"माझे गुडघे दुखतात हो."

"आमचेपण दुखतात."

तेवढ्यात मालकांची गाडी हॉर्न वाजवत आली, मागे फौजदारांची जीप. आत्या दचकून उठल्या. समोर बिशप! "अगं बाई! बसा साहेब, बसा. गरम करून ठेवलीय."

"आई गं," म्हणत बिशपसाहेब टेकले.

फौजदारांनी उतरल्या उतरल्या हुकूम सोडला, "फाटकासमोर जे कोणी बसलंय, त्यांना उचला!"

शिपायांनी इकडे तिकडे पाहिलं. बायका सगळ्या उभ्या होत्या. बसलेला माणूस एकच होता.

"साहेब," एक शिपाई हळूच म्हणाला, "यांना उचलायचं?"

"उचला ना," छोटे फादर म्हणाले. "पण एक आहे. बिशपांची खुर्ची जिथे, तिथे मुख्य चर्च. या घडीला तुम्ही चर्चमध्ये उभे आहात."

फौजदारांनी घाईघाईने टोपी काढली. नियम असा नसतो, हे बिशपसाहेबांना पक्कं माहीत होतं. त्यांनी छोट्या फादरांकडे डोळे वटारून पाहिलं. मग आत्यांकडे पाहिलं. त्या पुन्हा उभ्या होत्या, फाटकाला धरून.

"फादर म्हणतात ते..." बिशपसाहेब थांबले. "आजच्यापुरतं बरोबर आहे."

"अहो, पण ती गादी माझी आहे!" मालक ओरडले. "माझ्या पैशाची!"

बिशपसाहेब उठले. गादी काढून झटकली आणि दोन्ही हातांनी मालकांना दिली. मग माझ्या मागे जाऊन त्यांनी पितळी पट्टी धरून अशी हिसकली, की खिळ्यासकट हातात आली. "हीपण न्या. फार वर्षं टोचतेय." आणि ते उघड्या लाकडावर बसले. "मी इथेच आहे. या सगळ्या बसेपर्यंत."

ती मिस्सा फाटकावरच पूर्ण झाली. त्यानंतरच्याही तिथेच झाल्या. बिशप कुठे बसलेत ते बघायला लांबून माणसं यायला लागली, आणि दवाखाने आपल्या चादरी मागायला लागले. मालक नमले. आत्या कामावर परत गेल्या, आत स्टुलं आली. मालकांनी प्रत्येक स्टुलावर आपल्या नावाची पट्टी ठोकली. बायकांनी आधी खिळे तपासले, मगच बसल्या.

छोट्या फादरांची मात्र वरून चौकशी झाली आणि दूर कुठेतरी बदली झाली. बिशपसाहेबांनी पुष्कळ रदबदली केली, पण त्यांच्याही वर कुणीतरी होतंच. निघताना आत्यांनी फादरांना एक स्टूल दिलं. ते बगलेत मारून फादर बसमध्ये चढले. बसमध्ये जागा नव्हती. त्यांनी स्टूल मांडलं आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईला बसवलं.

आता मी म्हातारी झाले. एक पाय डुगडुगतो, गादी नाही, आणि नवे लोक पुन्हा दोरी बांधतात. मला पॉलिश करा, असं मी म्हणणार नाही. सिंहाला नाक बसवा, असंही नाही. एकच मागते. दुकानात, दवाखान्यात, स्वतःच्या घरात ओट्यापाशी जी बाई कधीची उभी आहे, तिच्याकडे एकदा बघा. तिच्यासाठी काहीतरी ओढून आणा, स्टूल, डबा, पालथी बादली, काहीही, आणि म्हणा, "बसा ना."

आणि बसल्या बसल्या तिला झोप लागलीच, तर मित्रांनो, उठवू नका. तोवर आपण जरा उभं राहायचं.