सुईणबाईंची करडी मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. माझ्या वयाच्या बहुतेक बहिणी केव्हाच भंगारात वितळून गेल्या. मी अजून आहे. रस्त्यात लोक मला पाहून थांबतात, फोटो काढतात, 'काय चकचकीत ठेवलीय' म्हणतात. मी ऐकून घेते. पण खरं सांगू का, मी दमले आहे. धावून दमले असते तर काही वाटलं नसतं. मी उभी राहून दमले आहे.

माझा जन्म पॅरिसच्या कडेला, सेन नदीच्या काठच्या एका कारखान्यात झाला. आमच्या जातीला फ्रान्समध्ये सगळे 'दोन घोड्यांची' म्हणतात. रूप म्हणाल तर यथातथाच. अंग पातळ पत्र्याचं, डोक्यावर गुंडाळता येणारा कापडी टप, वाऱ्याने थंड होणारं एवढंसं इंजिन, आणि त्यावर बारीक बारीक नळ्यांचं, पन्हाळी पत्र्यासारखं बॉनेट. पुढचे दरवाजे इतर मोटारींच्या उलट बाजूने उघडायचे. शहरातल्या लोकांनी आम्हाला पाहून नाकं मुरडली. खेड्यातल्या लोकांनी मात्र आपलं म्हटलं, कारण आम्ही प्यायचो थोडं आणि जायचो कुठेही.

मला घेतलं लिओंतीनबाईंनी. त्या फ्रान्सच्या मधोमध, ओव्हर्न्याच्या डोंगरात सुईण होत्या. चिखल असो, बर्फ असो, निरोप आला की बाई हॅण्डल मारून मला जागं करायच्या आणि आम्ही निघायचो. कुणाच्या वाड्यावस्तीवर जायचं, बाळ जगात आणायचं आणि परत यायचं, हा आमचा धंदा. लोक फार भले होते. परतताना मागच्या सीटवर कधी चीजचा गोल गड्डा असायचा, कधी अक्रोडांची पिशवी. 'बाई आल्या' असं म्हणण्याआधी लोक 'गाडी आली' म्हणायचे. तेव्हा माझी मान ताठ व्हायची.

बाईंना एकच मुलगी, सोलांज. नवरा लवकर गेलेला. लेकीला घरी एकटी कशी ठेवणार, म्हणून ती शेजारी बसून सोबत यायची, मांडीवर आईची बॅग घेऊन. आईला सगळ्या डोंगराने वाटून घेतलं होतं. माझ्यात बसली की मात्र आई तिची एकटीची असायची. त्या दोघी वाटेत काय काय बोलायच्या, ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि आताही सांगणार नाही.

पुढे डोंगराखाली दवाखाना झाला. बायका तिकडे जाऊ लागल्या. बाई थकल्या, मग गेल्या. मला गोठ्यामागच्या कोठारात ढकललं आणि सगळे विसरले. माझ्यावर गवत रचलं, कोंबड्यांनी माझ्यात अंडी घातली. एका हिवाळ्यात कुणीतरी माझं बॉनेट काढून बदकांच्या खुराड्यावर टाकलं. तिथे त्याची गंजून चाळण झाली. मी वाट पाहणंसुद्धा सोडून दिलं होतं.

मग सोलांजचा नवरा मार्सेलँ रेल्वेतून निवृत्त झाला. तो स्टेशनमास्तर होता. आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडणारा माणूस, रिकामा बसणार कसा? त्याने ट्रॅक्टर लावून मला कोठारातून ओढून काढलं. अंगणात मला पाहिल्यावर सोलांजने माझ्या दरवाजावरची कोंबड्यांची घाण फडक्याने नव्हे, सरळ हाताने पुसली. ती रडली. मग म्हणाली, "मार्सेलँ, सर्व संतांच्या दिवशी मला आईच्या थडग्यावर हिच्यातूनच ने. दुसरं काही मागत नाही मी."

आमच्याकडे नोव्हेंबर लागला की सर्व संतांचा दिवस येतो. त्या दिवशी प्रत्येक घरातून शेवंतीच्या कुंड्या निघतात आणि दफनभूमीत जातात. वर्षभर भांडणारी भावंडंही त्या दिवशी एका थडग्यापाशी उभी राहतात.

"पुढच्या संतांच्या दिवशी नक्की," मार्सेलँ म्हणाला. त्याला तसंच वाटत होतं, हे मी शपथेवर सांगते.

त्याने मला घरच्या शेडमध्ये घेतलं आणि खिळा न् खिळा सुटा केला. माझा सडलेला तळ कापून काढला, नवा पत्रा जोडला, त्या जोडावरून बोट फिरवून बघत एक अख्खा हिवाळा घालवला. इंजिन स्वयंपाकघरातल्या टेबलावर गेलं. सोलांज जेवणाची ताटं कार्ब्युरेटरच्या बाजूने मांडायची. वसंतात मी धावण्याजोगी झाले. फक्त बॉनेट नव्हतं.

त्याचा मित्र बाप्तिस्त, निवृत्त खाटीक, जुन्या गाड्यांच्या क्लबातला. तो एक बॉनेट घेऊनच आला. "हे घे. रुंद पट्ट्यांचं आहे, पण चार ठोके मारले की बसेल."

मार्सेलँने ते उलटसुलट करून पाहिलं. "हे हिच्यानंतरच्या सालचं आहे."

"मग? हिला काय लग्नाला उभं करायचंय?"

"हिच्या सालचंच हवं. बारीक नळ्यांचं."

"लेका, हिचं साल शोधता शोधता तुझी संपतील."

बाप्तिस्त ते बॉनेट परत घेऊन गेला. मित्रांनो, त्या दिवशी ते माझ्या नाकावर बसवलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मार्सेलँ वाईट माणूस नव्हता. पण क्लबातली मंडळी कशी असतात, ते तुम्हाला माहीत नाही. जमले की एकमेकांच्या गाड्यांखाली बॅटरी घेऊन सरपटतात आणि एखादा स्क्रू नंतरच्या सालचा निघाला की चोर पकडल्यासारखे हसत बाहेर येतात. त्या हसण्याला तो भ्यायचा. म्हणून दर रविवारी पहाटे तो सुट्या भागांच्या बाजाराला जायचा. कुठल्या तरी गावाच्या मैदानात ताडपत्र्यांवर दिवे, दरवाजे, गंजके पंखे मांडलेले. संध्याकाळी तो परतायचा तो एखादी कडी नाहीतर बिजागरी घेऊन. बॉनेट कधीच नाही.

शेवटी तसलं बॉनेट सापडलं, पण मालकासकट. ओनोरे नावाच्या शेतकऱ्याच्या कुंपणापाशी काटेरी झुडपात माझी एक बहीण पडली होती. तिच्या तळातून झाड उगवून टपाबाहेर गेलं होतं. बॉनेट मात्र धड होतं. आता आमच्याकडे असलं काही थेट मागायची रीत नाही. आधी आत जाऊन बसायचं, जेन्शियनच्या मुळांची कडवट दारू प्यायची, वासरांची चौकशी करायची, पावसाला नावं ठेवायची. निघता निघता, जणू आत्ताच आठवलं असं दाखवून विचारायचं. मार्सेलँने सगळं रीतीप्रमाणे केलं.

"ती होय?" ओनोरे म्हणाला. "ती विकायची नाही. मी दुरुस्त करणार आहे."

"झाड आलंय तिच्यातून."

"दुरुस्त करीन तेव्हा कापीन की."

दर वर्षी मार्सेलँ तिकडे जायचा, दर वर्षी तेच उत्तर यायचं. घरी येऊन तो चिडचिड करायचा, "म्हातारा हट्टी आहे. स्वतः काही करत नाही आणि दुसऱ्यालाही करू देत नाही." सोलांज त्याच्याकडे नुसतं पाहायची. मीही पाहायचे.

ऑक्टोबर सरत आला की ती शेडच्या दारात कॉफीचा कप घेऊन उभी राहायची. "यंदा?"

"बॉनेट मिळालं की लगेच."

"आईला भेटायला मला जायचंय की बॉनेटला?"

तो हसायचा आणि पाना फिरवत राहायचा. मग संतांचा दिवस यायचा, आणि ती दोघं कुंड्या घेऊन घरच्या नव्या गाडीतून निघून जायची. मी शेडमधून त्या गाडीचा आवाज ऐकायचे. पहिली काही वर्षं सोलांज ताठ चालत दारात यायची. मग एक हात दाराच्या चौकटीवर टेकू लागला. मग काठी आली. आणि मग एका वर्षी तिने विचारलंच नाही. मार्सेलँच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, पण मला हॉर्नशिवाय वाचा नाही, आणि तोही कुणी दाबला तर.

ओनोरे वारला. त्याच्या मुलांनी झुडूप तोडलं आणि बॉनेट मार्सेलँला देऊन टाकलं. त्याच वसंतात सोलांजच्या झिजलेल्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा तो मला करडा रंग देत होता, माझ्या सालचा.

त्या वर्षी संतांच्या दिवशी मी अंगणात उभी होते. मार्सेलँने कोट घातला होता. माझा दरवाजा उघडून तो म्हणाला, "चल, बस."

माझ्या सीट कापडी झोळीच्या, बसलं की माणूस खाली जातो. डॉक्टरांनी सोलांजला खाली वाकून बसायला सक्त मना केलं होतं. तरी तिने प्रयत्न केला. दरवाजा धरला, पाठ वळवली, थोडी वाकली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ती पुन्हा उभी राहिली.

"राहू दे," ती म्हणाली. "तू जा. कुंड्या तेवढ्या सावकाश ने."

"नवी गाडी काढू का?"

"नको. नव्या गाडीतून गेलेय मी पुष्कळ वेळा."

म्हणून मार्सेलँ एकटाच निघाला. त्याच्या शेजारच्या सीटवर शेवंतीची पिवळी कुंडी होती. इतक्या वर्षांनी मी त्या घाटातून चढत होते, इंजिन सुरेख चालत होतं, आणि मला जराही आनंद झाला नाही.

दफनभूमीच्या भिंतीपाशी माझ्याभोवती गर्दी झाली. कुणी बॉनेटवर हात फिरवला, कुणी वाकून आत पाहिलं. "सगळं अस्सल आहे," मार्सेलँ सांगत होता, "बॉनेटसुद्धा." तेवढ्यात बर्थ आजी काठी टेकत पुढे आल्या. त्यांची सगळी पोरं लिओंतीनबाईंच्या हातावर जन्मली होती.

"लिओंतीनची गाडी," त्या म्हणाल्या. "आणि लिओंतीनची लेक?"

"घरी आहे. तिला हिच्यात बसता येत नाही आता."

"मग एवढी कुणासाठी केलीस रे बाबा?"

आजींनी ते टोचून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. मार्सेलँ फाटकातून आत गेला. कुंडी ठेवून आला आणि परतीच्या वाटेवर त्याने एकदाही माझ्या इंजिनाकडे कान दिला नाही. अंगणात सोलांज पायरीशी उभी होती.

"कशी चालली?"

"चांगली," तो म्हणाला, आणि टोपी न काढता आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये आला तेव्हा त्याच्या हातात स्वयंपाकघरातली खुर्ची होती. उंच, सरळ पाठीची, गवती विणीची. त्याने माझी चालकाच्या शेजारची सीट काढून बाहेर ठेवली. खुर्चीचे पाय कापून बेताचे केले. मग ड्रिल घेऊन, एक अख्खा हिवाळा घालून जोडलेल्या त्या तळाला त्याने भोकं पाडायला सुरुवात केली. मित्रांनो, मला दुखलं. पण इतक्या वर्षांत मला कुणी इतक्या प्रेमाने हात लावला नव्हता.

बाप्तिस्त दारात येऊन उभा राहिला. "वेड लागलं का तुला? या तळाला भोकं? क्लबात तोंड कसं दाखवशील?"

"खुर्ची सरळ धर," मार्सेलँ म्हणाला. "हलतेय."

बाप्तिस्तने खुर्ची धरली.

सोलांजला बोलावलं तेव्हा तिने काठीने खुर्चीचे कापलेले पाय चाचपले. "ती माझी भाजी चिरायची खुर्ची आहे."

"आता गाडीची झाली."

"आणि भाजी कशावर बसून चिरू? तुझ्या बॉनेटवर?"

तरी ती हसत होती. माझे दरवाजे उलट उघडतात ते अशा वेळी बरे. ती पाठमोरी झाली, हळूच मागे सरली आणि बसली. खुर्ची उंच, म्हणून मार्सेलँने टप पूर्ण गुंडाळला. थंडी होती. तिने डोक्याला रुमाल बांधला, मांडीवर घोंगडी घेतली.

आम्ही पायी चालणाऱ्याच्या वेगाने निघालो. मागे एक ट्रॅक्टर आला आणि हॉर्न वाजवू लागला. "वाजवू दे त्याला," सोलांज म्हणाली. घाट सुरू होण्याआधी नदीवर पूल आहे. तिथवर आलो तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. पुलावरून समोरच्या उतारावर दफनभूमीची भिंत दिसते, आणि त्या दिवसांत भिंतीवरून पिवळीपांढरी शेवंती दिसते.

"थांब इथे."

मार्सेलँने मला कडेला घेतलं. ट्रॅक्टर पुढे गेला. सोलांज तिकडे पाहत राहिली. तिचा हात माझ्या खिडकीच्या काठावर होता, लहानपणी असायचा तिथेच. काय पुटपुटली ते मी ऐकलं, पण आईशी बोललेलं मी सांगत नाही, हे आधीच म्हटलंय.

"दुखतंय रे," ती मग म्हणाली. "घरी चल."

"आज एवढंच राहू दे. पुढच्या वर्षी थेट वरपर्यंत..."

"पुढच्या वर्षाचं बोलू नकोस, मार्सेलँ. आज आले, ते झालं."

त्याने मान खाली घातली आणि मला वळवलं. पुढच्या संतांच्या दिवशी त्या भिंतीआड आणखी एक थडगं होतं, आणि त्यावरची कुंडीही मीच वाहून नेली, घोंगडी अंथरलेल्या त्या खुर्चीवर ठेवून. क्लबातल्या लोकांनी गाड्यांच्या स्पर्धेत त्या भोकांसाठी माझे गुण कापले. मार्सेलँने खुर्ची काढली नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो, आम्हा जुन्यांची काळजी जरूर घ्या. तेल घाला, गंज खरवडा, पत्रा जोडा. पण आमच्यात कुणाला बसायचंय, ते आधी बघा. तो माणूस दारात काठी टेकून उभा असेल, तर नाकावर वाटेल त्या सालचं बॉनेट टाका, हवं तर टाकूही नका. त्याला बसवा आणि निघा.