जेवणाच्या टेबलावरचा देश

पांढऱ्या कार्डावरची मार्करची जाड रेघ अजून ओलीच होती – तिच्याखालचं खोडलेलं ‘कुर्दी’ नीट वाचता येत होतं, आणि वर टापटीप अक्षरात ‘तुर्की’. मागच्या ट्रेमध्ये खुर्शीदने पहाटे उठून वळलेल्या सुरळ्या, द्राक्षाच्या पानांत भात भरलेल्या. सौदीतल्या खमीस मुशैतच्या त्या हॉस्पिटलात आज देशोदेशीच्या जेवणाचा कार्यक्रम. क्षमा लॅबमधून हात धुऊन आली ती या कार्डापाशीच अडकली.

“अगं, देश तुर्कस्तान, धर्म मुसलमान, मग हे कुर्दी मध्येच कुठून?” कार्यक्रमाचा आयोजक डॉक्टर इंद्रनील मार्करचं टोपण लावत मराठीतून म्हणाला. “उगाच राजकारण नको. आपण सेक्युलर माणसं.”

आपण! क्षमाच्या अंगाचा तिळपापड झाला. खुर्शीद, भूल देणारी डॉक्टर, शेजारीच उभी होती, हिजाब सारखा करत – मराठी तिला कळत नव्हतं, रेघ कळली होती. एकदा नमाज पढून परतताना तिनेच सांगितलं होतं... शाळेत सेक्युलर सरकारचे मास्तर म्हणायचे, कुर्द असं काही नसतंच, आणि तळहातावर पट्टी; मशिदीत जावं तर त्याच सरकारच्या पगारावरचे इमाम म्हणायचे, अल्लाच्या दारात कसला कुर्द नि कसला तुर्क – आणि हे प्रवचनही तुर्कीतच! “नमाज मी सोडली नाही,” ती हसली होती, “पण दुवा आईच्याच भाषेत मागते.”

तेव्हा क्षमाच्या मनात भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधल्या शेजारच्या काकू येऊन बसल्या होत्या – आम्ही नाही हो जातबीत मानत, म्हणत भिंतीवरच्या बुद्धाकडे कौतुकाने बघणाऱ्या... विष्णूचाच अवतार तो, म्हणजे तुम्हीही आमच्यातलेच! “नाही हो, आम्ही बौद्ध,” बाबा शांतपणे म्हणाले होते. “तेच ते,” काकू म्हणाल्या होत्या. किती प्रेमाने पुसून टाकतात ही माणसं आपल्याला! वर आपण आभारही मानायचे.

“क्षमा, तू तरी समजाव तिला. तुझं ऐकते ती,” इंद्रनील म्हणाला.

ती कुर्द आहे, एवढंच तर सांगायचं होतं, आणि वाक्य तयारही होतं. पण त्याला रेटून मागून दुसरंच वर येत होतं – या इंद्रनीलने दर दिवाळीला नव्या डॉक्टरांसमोर ‘आपल्यातलीच’ म्हणून क्षमाची ओळख करून द्यावी आणि तिने हसून गिळावं, ते. मैत्रिणीसाठी म्हणून चढलेला हा राग मैत्रिणीचा एकटीचा नव्हताच... इंद्रनील उत्तराची वाट बघत होता, हसतमुखाने, आणि क्षमाला या वेळी हसून गिळता येत नव्हतं.