हमाल राक्षस

धाकट्या मुलीचं, दीपमालाचं, लग्न झालं त्या साली, २०२३ मध्ये, माझी नात कल्याणी मित्रांसाठी फाशांचा एक खेळ रचत होती. त्यात प्रत्येकजण सोंग घेऊन गोष्ट पुढे नेतो. तिने मनाने चांगला असा एक राक्षस केला होता, पण मित्रांनी तो दोनदा दिसताक्षणी मारला.

"आबा, ते त्याला तोंडच उघडू देत नाहीत!" ती वैतागून म्हणाली.

"तो मुकाट येतो, म्हणून घाबरतात."

मी जन्मभर मार्केट यार्डात हमाली केली. पाठीवर ओझं असलं की आम्ही लांबूनच ओरडतो, म्हणजे कुणाला धक्का लागत नाही. मी राक्षसालाही तेच शिकवलं आणि त्याच्या पाठीवर भुकेल्या गावासाठी धान्याचं पोतं दिलं.

रविवारी तिचे सगळे मित्र आमच्याकडे खेळायला बसले. खेळातल्या धुक्यातून राक्षस ओरडला, "बाजूला व्हा! बाजूला व्हा!"

"धमकी देतोय!" म्हणत आयुषने फासे टाकले आणि बाण सोडला.

"अरे, पाठीवरचं पोतं बघ की!"

"आजोबा, धुक्यात पोतं कसं दिसणार?"

"छान शिकवलंत, आबा," कल्याणी म्हणाली.

आमचा राक्षस १० डिसेंबरला दुपारी, आयुषच्या पहिल्याच बाणाने मेला.