काळी जोडवी

"गमरे, या वेळी काय सांगू मालकांना? परत व्होल्टेज?"

सामंतसाहेब दारातूनच विचारत होते. कॉम्प्युटरच्या खोलीत यायचं तर बूट बाहेर काढावे लागत आणि सामंतसाहेबांना वाकायचा कंटाळा. भगवान गमरे जमिनीवर मांडी घालून सर्व्हरची मेमरीची पट्टी खोडरबराने घासत होता. शाळेतल्या पोरांकडे असतो, तसलाच खोडरबर. एवढ्या महागड्या मशीनवर शेवटी इलाज काय, तर हा.

"व्होल्टेज ठीक आहे साहेब. स्टॅबिलायझर नवाच आहे."

"मग?"

"बघतोय."

‘बघतोय’ हा शब्द भगवानच्या तोंडात इतका बसला होता, की घरी बायकोने आमटी कशी झालीय विचारलं तरी तो बघतोय म्हणायचा. माजिवड्याच्या एका कंपनीत तो सर्व्हिस इंजिनिअर होता. ठाण्यापासून कल्याणपर्यंत ज्याचा कॉम्प्युटर बसेल त्याच्याकडे बॅग घेऊन जायचं, शिव्या खायच्या, मशीन चालू करायचं आणि चहा घेऊन निघायचं. डिप्लोमा झाला तेव्हा कोपरच्या चाळीत पेढे वाटले होते. आता चाळीतले लोक त्याला रेडिओ दुरुस्तीला आणून देत.

डोंबिवली एमआयडीसीतल्या या रंगाच्या कारखान्याने मात्र त्याला पुरता दमवला होता. सर्व्हर आठ-दहा दिवस नीट चालायचा आणि मधेच बसायचा. बसला की गोडाऊनचा साठा कळेना, मालाच्या गाड्या फाटकात उभ्या. भगवानने पॉवर सप्लाय बदलला, केबली बदलल्या, मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा नव्याने भरून घेतला. कोणीतरी दाराला लिंबू-मिरची बांधली, तीही त्याने काढली नाही. म्हटलं, असू दे. पट्टी काढून घासली की मशीन चालू व्हायचं आणि पुन्हा आठ-दहा दिवसांनी बोलावणं यायचं.

"एक बोलतो, राग मानू नका," सामंतसाहेब म्हणाले. "या सगुणाबाई गोडाऊनमधनं कॉम्प्युटरवर आल्या ना, तेव्हापासून हे लागलंय. एकेकाचा हात असतो. एक तारखेपर्यंत वाट बघतो. नाहीतर त्यांना मोकळं करतो. गोडाऊनलाही आता जागा नाही."

हे सगळं सगुणाबाईंच्या समोर. त्या तिथेच की-बोर्डवर बसलेल्या होत्या. मान वर न करता त्या आकडे मारत राहिल्या. साहेब गेल्यावर तोंडाला पदर लावून त्या बराच वेळ खोकल्या.

सगुणा भोईर खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. दहावी पास, टायपिंगची परीक्षा पास. नवरा नाथा पूर्वी होडी घेऊन खाडीत जायचा. खाडीत मासा राहिला नाही आणि नाथा घरात बसला. घर हिच्या पगारावर.

"सर, माजा हात खरंच वाईट हाय का हो?" त्यांनी विचारलं.

"हाताने सर्व्हर बसत नाही बाई," भगवान म्हणाला. पण मग कशाने बसतो, हे त्याला सांगता येईना, आणि त्याची त्याला लाज वाटली.

त्याने पट्टी उचलून उजेडाकडे धरली. खोडरबराचा कीस काळा झाला होता. धूळ अशी काळी नसते. हात झटकायला तो खाली वाकला आणि टेबलाखाली सगुणाबाईंचे अनवाणी पाय दिसले. पायांतली जोडवी काळीकुट्ट होती, तव्यासारखी.

"जोडवी चांदीचीच ना?"

सगुणाबाईंनी पाय मागे घेतले. "चांदीचीच. घासते रोज दंतमंजनानं. दोन दिसांत परत कालीं. सासू म्हनते तुज्या अंगात कडकी शिरली, उष्नता. त्याचाच खोकला. सब्जा घेते, गुलकंद घेते. मसाल्याचं खानं सोडलं. काय फरक नाय."

"गोडाऊनमध्ये होतात तेव्हा?"

"तवा नाय व्हायची." त्या आठवून म्हणाल्या. "हितं आल्यापासून."

खिडकीच्या पलीकडे भिंत आणि भिंतीला लागून कारखान्याचाच नवा प्लांट. तोही याच सुमाराला सुरू झालेला. खोलीत शिरलं की नासक्या अंड्याचा वास नाकात बसायचा, आणि थोड्या वेळाने तो यायचा बंद व्हायचा.

"तुम्हाला वास येतो का हो इथे?"

"कसला?" सगुणाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी एमआयडीसीची सुट्टी, पण मागचा प्लांट सुट्टीलाही चालूच राही. भगवानने विचारलं, "जोडवी काढून द्याल का? शनिवारपर्यंत?"

सवाष्णीला पायातलं काढून द्या म्हणणं ही केवढी गोष्ट असते, ते भगवानलाही कळत होतं. त्याच्या घरीही बायको होती. पण एक तारीख जवळ आली होती. त्यांनी वाकून दोन्ही जोडवी काढली. भगवानने ती खोडरबराने लख्ख पांढरी होईपर्यंत घासली. एक सर्व्हरवर ठेवलं, दुसरं त्यांच्या हातात दिलं.

"हे घरी न्या. पायात घालू नका. डब्यात ठेवू नका, नुसतं फळीवर ठेवा."

शनिवारी सगुणाबाई त्याच्या आधी येऊन बसल्या होत्या. "सासूनं लय आयकवलं," त्या म्हणाल्या. "म्हने, नवरा जिता हाय ना तुजा?" पदराची गाठ सोडून त्यांनी घरचं जोडवं काढलं. ते दिलं तसंच पांढरं होतं. सर्व्हरवरचं काळं पडलं होतं.

दोन्ही हातांत दोन जोडवी धरून त्या बघत राहिल्या. "यात तर पाय पन नव्हता," त्या म्हणाल्या. "मंग कडकी कोनाची?"

"या हवेची," भगवान म्हणाला. "मशीनची पट्टीही तिनेच काळी पडते." मग म्हणाला, "तुमच्या अंगात काही नाही. हातात तर नाहीच नाही."

सगुणाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना खोकला आला.

सामंतसाहेबांना समजावून सांगायची वेळच आली नाही. जोडवी टेबलावर ठेवली तशी त्यांनी उठून केबिनचं दार लोटलं. भिंतीपलीकडे काय शिजतं ते त्यांना भगवानपेक्षा जास्त माहीत होतं.

"हे कुठे बोलू नका, गमरे. सर्व्हरला काय लागेल ते सांगा."

"बंद खोली. काचेची, फटी सील केलेली. एसी. दाराची उघडझाप कमी पाहिजे, म्हणजे आत माणूस नको."

"करून टाकू. मशीन म्हटल्यावर मालक नाही म्हणणार नाहीत."

"आणि बाईंचं?"

"बाई राहतील. माझं काही म्हणणं नव्हतंच." साहेबांनी जोडवी त्याच्याकडे सरकवली. "बसतील काचेबाहेर. टर्मिनल तिथेच लावू."

"तसं नाही साहेब. त्या बसतात ती हवा..."

"आत माणूस नको, हे तुम्हीच म्हणालात ना?"

भगवान म्हणालाच होता. देखभालीच्या कराराचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात होतं आणि त्याला फार दमल्यासारखं झालं. "बघतो," तो म्हणाला, आणि चहा न घेता निघाला. आपण आणखी दोन वाक्यं बोलायला हवी होती, हे त्याला फाटकापर्यंत पोचता पोचता कळलं. तो परत फिरला नाही.

त्यानंतर सर्व्हर बसला नाही. बोलावणं येईना, तेव्हा भगवान एकदा आपणहून तपासणीला गेला. काचेची खोली झाली होती. सगुणाबाई बाहेर, खिडकीजवळ टर्मिनलवर बसल्या होत्या. पूर्वीपेक्षा वाळल्या होत्या. पायांच्या बोटांत काही नव्हतं.

"मशीन बेस चालतंय, सर," त्या म्हणाल्या. "माजी नोकरी तुमच्यामुलं राहिली."

भगवानने बॅग उचलली. चपला काढून तो काचेच्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आत गारवा होता. वास नव्हता. सर्व्हरवर एक रुमालाची पुडी होती. त्याने ती उघडली. आत दोन्ही जोडवी होती, पांढरीशुभ्र.

त्याने काचेतून बाहेर पाहिलं. सगुणाबाई थोड्या ओशाळल्या. दार किंचित उघडून त्यांनी तोंड आत घातलं.

"असूंद्या, सर. आत ठेवली का कालीं नाय होत. संध्याकाली जाताना घालते. सासूला सांगितलंय, कामावर धातू चालत नाय."

आणि त्यांनी लगेच दार ओढून घेतलं. दार फार वेळ उघडं ठेवायचं नाही, हे त्यांना माहीत होतं.

भगवानने मेमरीची पट्टी काढून पाहिली. ती नव्यासारखी होती. खोडरबराची गरजच पडली नाही. त्याने ती परत बसवली, झाकण लावलं, वरून फडकं मारलं आणि पुडी जिथे होती तिथेच नीट ठेवली.

मग त्याने वर पाहिलं. काचेपलीकडे सगुणाबाई पाठमोऱ्या होत्या. तोंडाला पदर लावलेला आणि खांदे हलत होते. काच सांगितली तशी घट्ट बसवली होती. खोकल्याचा आवाज आत आला नाही.