शालीची ऊब

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारणी, त्यांच्या जावा, वरच्या मजल्यावरचा शिंपी, सगळे टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे डोळे लावून बसले होते. त्याच्या पेटीवर राखाडी लोकरी शाल पांघरलेली. शालीचा धनी जाऊन सात महिने झाले होते. शाल मात्र गरम होती.

"बोट लावून बघा," कंपनबाबा म्हणाले. वाक्यागणिक 'कंपनं' काढायचे, म्हणून लोकांनीच हे नाव पाडलं होतं. "आत्ता अंगावरून उतरवल्यासारखी आहे की नाही?"

शिंप्यानं बोट टेकवलं आणि झटक्यात मागे घेतलं. "आहे हो!"

थोरल्या बाई जागच्या हलल्या नाहीत. शाल त्यांच्या लेकाची. कॉम्प्युटरवर खेळायला बसला की तो ती खांद्यावर घ्यायचा. आता त्याची मुलगी खेळायला बसली की दहा मिनिटांत शाल तापायची आणि त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास खोलीभर पसरायचा. त्या वासानं बाई नकळत दाराकडे बघायच्या. पण चारचौघांत तसं कबूल करतील तर त्या थोरल्या बाई कसल्या!

वास आला की पडद्यावरचं चित्र अडखळायचं. धावता शिपाई लंगडायचा, मध्येच गोठायचा. नातीनं चित्रं पळवणारं नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं त्या दिवसापासून हे सुरू झालं होतं. सेकंदाला दीडशे फ्रेम, म्हणजे दीडशे चित्रं, पळायला हव्यात, तिथं वीस धड निघत नव्हत्या. तिनं वायर बदलली, सेटिंग बदललं, सगळं पुसून नव्यानं भरलं. शाल मात्र हलवली नाही. कुणीच हलवत नव्हतं. आणि रविवारी याच खेळाच्या तिच्या संघाची निवड होती.

"नवा भाग परका आहे, आत्म्याची कंपनं बिघडतात," बाबा म्हणाले. "यंत्र बंद करा. पंधरा मिनिटं मौन!"

मौन संपलं. नातीनं कॉम्प्युटर लावला. शिपाई वाऱ्यासारखा धावला. बायकांनी हात जोडले.

"पाहिलंत? पण हे घटकाभराचं. तो भाग माझ्या हवाली करा, म्हणजे हा शांतपणे कायमचा इथंच राहील."

"ते कार्ड पप्पांनी निवडलं होतं," नात म्हणाली. "मी नाही देणार."

"देऊन टाक गं," सून डोळे पुसत म्हणाली. "निदान ते इथं राहतील तरी."

 बाईंनाही लेक हवाच होता की! पण त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यावर खिळली होती.

"पोरी, तो आकडा कसला?"

"आतलं तापमान, आजी."

"मौनानंतर पंचेचाळीस होता. आता अठ्ठ्याऐंशी झालाय, अन् तुझा शिपाई परत लंगडतोय." बाई उठल्या. शाळेत दोन इयत्ता गेल्या होत्या, पण चुलीपुढे जन्म गेला होता. "आणखी थोड्यात तर पाण्याला आधण येईल."

"बाई, शाल उचलू नका!" बाबा ओरडले. " कोप होईल!"

"माझाच पोरगा माझ्यावर कोपणार? गप बसा." त्यांनी शाल उचलली. खाली जाळी होती. गरम हवेचा झोत तळहातावर आला. आकडा उतरू लागला. शिपाई सुटला तो थांबेचना.

"गेला! तुम्ही त्याला हाकललात!" बाबा म्हणाले.

"असं? सूनबाई, दाराजवळचं धुतलेलं पायपुसणं आण."

ते जाळीवर पसरलं. नात दहा मिनिटं खेळत राहिली. शिपाई लंगडू लागला. बाईंनी पायपुसणं बाबांच्या नाकासमोर धरलं. "लावा बोट. गरम आहे ना? आता सांगा, यात कोण आलंय? तुमचे तीर्थरूप?"

शिंपी फसकन हसला. बाबांना अचानक दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

लोक उठू लागले, तशा बाई म्हणाल्या, "थांबा. कार्ड बसल्यावर ही शाल मीच पेटीवर घातली होती. धूळ बसू नये म्हणून. नवं कार्ड जास्त तापतं, गरम हवेची वरची वाट मी बुजवली. मग ते जीव वाचवायला हळू चालायचं. गरम लोकरीतून जुन्या तेलाचा वास सुटायचा. मौनात यंत्र बंद, म्हणून थंड व्हायचं, की बाबाची कमाल. चूक माझी. पण तुम्हीही, आधी झाकण उचलून बघत जा, मग हात जोडा."

सून रडत होती. "म्हणजे ते आलेच नव्हते?"

"नाही गं, पोरी."

बाईंनी शाल स्वतःच्या खांद्यावर घेतली, तिलाही आत ओढलं. शाल केव्हाच गार पडली होती. हळूहळू पुन्हा ऊब आली. ती दोघींच्या अंगाची होती. समोर नातीचा शिपाई न अडखळता धावत होता.