प्रकल्पाचा बडग्या

शाळेने नववीच्या मुलांना स्वतःच्या मनाने प्रकल्प करायला सांगितलं आणि त्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून मनात काय आणायचं तेही कळवलं: पाणी, झाडं किंवा सौरऊर्जा. सक्करदऱ्याच्या उन्नतीने मात्र बडग्या करायचं ठरवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत हे पुतळे निघतात. वर्षभर ज्याने छळलं त्याचा पुतळा करायचा, मनसोक्त शिव्या द्यायच्या आणि जाळायचा. विषय वाटून देणाऱ्या दीप्ती मॅडम म्हणाल्या, "कर. पण प्रदर्शनात मांडायचा की नाही, ते पाहून ठरवीन."

उन्नतीने मोबाइलवर एआयकडे बडग्याचं चित्र मागितलं. क्षणात आलं. गुलाबी गाल, हातात रोपटं, खाली 'चला, बदल घडवूया!' तिने ते भैयाजीमामांना दाखवलं. मामा इतवारीतल्या मंडळाचा बडग्या दरवर्षी बांधायचे.

"हा बडग्या होय का नवरदेव?" मामा म्हणाले. "याले जाळाचं का ओवाळाचं वं?"

"मग काय करू, मामा?"

"मले काहून विचारतं? तुले कोनाचा राग येते, ते मले का मालूम?"

एआयलाही मालूम नव्हतं. त्याने तसं कबूल केलं नव्हतं, एवढंच. उन्नतीने लिहिलं, 'चित्र नको, घोषणा नको. तू फक्त मला प्रश्न विचार.'

यंत्र बिचारं आज्ञाधारक. शाळेत कशाचा राग येतो? 'प्रकल्पांचा.' का? 'ते आम्ही करतच नाही.' मग कोण करतं?

इथे उन्नतीला एकदम हसू फुटलं.

बांबूच्या कामट्या, रद्दी आणि खळ यांतून बडग्या उभा राहिला. नाव 'सर्वोत्कृष्ट प्रकल्प'. एका हातात आईची कात्री, दुसऱ्यात बाबांचा ब्रश, तिसऱ्यात शिकवणीच्या सरांचं पेन, चौथ्यात मोबाइल. पोटाशी एवढासा विद्यार्थी, दोन्ही हात खिशात.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मॅडम पुतळ्यासमोर येऊन थांबल्या. चारही हात एकेक करून निरखू लागल्या. उन्नतीने मनातल्या मनात बडग्या उचलून सौरऊर्जेच्या मागे लपवूनही टाकला.

"एआयने करून दिला?"

"नाही मॅडम. तो नुसता विचारत होता. राग माझा आहे."

मॅडमनी बडग्याभोवती एक चक्कर मारली.

"एक हात राहिला यात."

"कोणाचा?"

"विषय वाटणारीचा. लाल पेन दे त्यात." मग स्वतःच्या मनगटाकडे पाहत त्या म्हणाल्या, "आणि बांगड्या दोनच घाल. मी जास्त घालत नाही."

उन्नती कामटी शोधायला धावली.